शब्द टाकणारे

मारिबोरमध्ये, पुलामागच्या बोळात
मिलोइका छत्र्या दुरुस्त करते.
नेटवर शोधलं तर चौथ्या पानावर.
आणि भिजलेला माणूस
चौथ्या पानापर्यंत कशाला जातोय?

चारशे युरो मोजले, चाळीस लिंका मिळाल्या.
चाळीस अनोळखी तिच्यासाठी शब्द टाकू लागले:
जुगाराचा अड्डा, कुत्र्यांचं खाणं विकणारे,
एक दंतवैद्यही.
तो वारला; त्याच्या साइटचं नाव
कुणीतरी लिलावात उचललं,
आता मेलेला माणूस छत्र्यांची शिफारस करतो.

सहा आठवडे ती पहिल्या पानावर होती.
फोन वाजला,
एकाची दाढ ठणकत होती.
तिने आपल्या ओळखीचा डॉक्टर सांगितला,
फुकट.

मग एका मंगळवारी थेट नवव्या पानावर.
चौथं काय वाईट होतं, म्हणाली,
आणि वहीत चारशेपुढे काय लिहावं
हे न सुचून
पेन्सिलीला टोक काढत बसली.

चर्चच्या गायकांनी सहलीच्या सूचनेखाली
तिचा पत्ता दिलाय कधीचा.
तिला न विचारता. नावात एक अक्षर चुकवून.
तिथून महिन्याला दोघं-तिघं येतात,
काखेत मोडकी काडी.

ते अक्षर दुरुस्त करा,
असं तिने अजून सांगितलेलं नाही.