अंड्यातलं पांढरं

खुब्याचं हाड मोडून लीड्सच्या या वॉर्डात पडले
त्याला आज चार दिवस झाले.
पहाटे पाचला एक मुलगी येते. इमोजेन.
पायाकडचं पांघरूण उचलते,
चिमुकला आरसा टाचेखाली धरते,
मग हाताची पालथी बाजू टेकवते, थांबते.
चोळत नाही.

"चोळ की जरा," मी म्हटलं.
"चोळायचं नसतं. आतलं मांस दुखावतं."
मला ठाऊक होतं. तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

आम्ही चोळायचो.
सदुसष्ट साली, याच शहरात,
जिथे आता फ्लॅट झालेत त्या इमारतीत,
दर दोन तासांनी ट्रॉली ढकलत निघायचो
मी आणि कॉर्कची डिंप्ना.
स्पिरिट, पावडर,
आणि वाटीत फेटलेलं अंड्यातलं पांढरं.
ते जखमेवर फासायचं, वरून ऑक्सिजनची नळी धरायची
वाळून कडक होईपर्यंत.
पुस्तकात होतं की नव्हतं, आठवत नाही.
सिस्टर प्रीस्टलीच्या तोंडात होतं,
आणि पुस्तकापेक्षा ते जवळ होतं.

ओल्डरॉइड नावाचे एक म्हातारे होते, लोकरीच्या गिरणीतले.
त्यांची पाठ मी अकरा आठवडे चोळली,
इतकी मन लावून की ते म्हणायचे,
पोरी, असे हात गिरणीत असते तर सूत तुटलं नसतं.
जखम झालीच.
सिस्टर म्हणाली, कमी चोळलंस.
मी जास्त चोळलं.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी
माकडहाडावरची ती जखम एकदा पाहावी.

बार्बाडोसहून निघताना मला वाटलं होतं, तीन वर्षं.
सही केली तो कागद दोन वर्षांचा निघाला.
तीनवाल्यांची नावं रजिस्टरात, आमची नुसत्या यादीत.
त्यांचा पट्टा निळा, आमचा हिरवा,
आणि हिरवा काही पिकत नाही.
रात्री अठ्ठावीस खाटा माझ्यावर सोपवून
सकाळी विचारायचे,
किल्ल्या कुणी दिल्या तुला?

मग यादीच बंद झाली.
नवी नावं घ्यायची नाहीत, असलेली गळतील तशी गळू द्यायची.
तसं कुणी म्हणालं नाही. पत्र आलं:
कोर्स करा, निबंध लिहा, आपल्या कामाचं चिंतन करा.
सेहेचाळिसाव्या वर्षी, स्वयंपाकघरात, मुलं निजल्यावर,
ओल्डरॉइडांच्या पाठीवर मी दोन हजार शब्द लिहिले.
शेरा आला: भावना अधिक, संदर्भ कमी.
पास.

इमोजेनचा गणवेश कुणासारखाच नाही.
"तू नर्स ना?"
"नर्स नाही, मदतनीसही नाही. मधली.
नवीन पद आहे, आधी असं काही नव्हतंच."
"किती वर्षांचा कोर्स?"
"दोन."

हसू आलं ते थेट खुब्यात उतरलं.
तिला वाटलं मी कळवळले.
"गोळी हवी का? थांबा, मोठ्या सिस्टरला विचारून येते."
विचारून येते.
हे वाक्य अजून तसंच आहे, इस्त्री केल्यासारखं.

ती परत आली, गोळी घेऊन, सिस्टरला घेऊन.
मग पुन्हा टाचेशी बसली.
"आरशात काय बघतेस? माझ्या कातडीवर लाली दिसायची नाही."
"म्हणूनच हात लावते," ती म्हणाली.
"ऊब लागते का, कडक झालंय का. शिकवलंय आम्हाला."

आमच्या पुस्तकातल्या सगळ्या टाचा गुलाबी होत्या.
माझी टाच मी कुठल्याच पानावर पाहिली नव्हती.

तिचा हात मात्र बर्फ होता.
गप्प राहावं वाटलं. मग राहवेना.
"अशा हाताला ऊब कशी कळेल, बाई?
चोळायचे असतात ते आपले हात. आधी."

तिने तळवे एकमेकांवर घासले, बराच वेळ,
ट्रॉलीवरचा टॅबलेट उचलला, काहीतरी टिपलं.
काय टिपलं ते चष्म्याशिवाय
मला दिसलं नाही.