अहवालाचा दुसरा खर्डा

सिनडच्या कचेरीतून छापील नमुना येतो,
सोलापूरचं ऊन पत्र्यावर चढायच्या आत.
सोळा रकाने. मागे 'शेरा', दोन ओळी.
मी मिलमध्ये एकवीस वर्षं सुताच्या गाठी मोजल्या.
मिल बंद पडली, मोजायची खोड राहिली,
म्हणून सेशनने मला चिटणीस केलं.

बाप्तिस्मे : दोन.
एक अबोली बोरडेची पोर, पाणी लागताच शिंकली
आणि मंडळी आमेन विसरून हसली.
दुसरा गंगाराम वाघचौरे, वय एकोणऐंशी.
जन्मभर बायकोला चर्चच्या फाटकापर्यंत सोडून
बाहेर बिडी ओढत बसलेला.
ती गेली आश्विनात. पुढच्या रविवारी तो तिच्या बाकावर.
पाळकांनी विचारलं, का?
म्हणाला, फाटकात आता कुणाची वाट बघू?

मृत्यू : पाच.
विवाह : तीन. त्यातला एक पुण्यात लागला,
म्हणजे अडीच.

गृहभेटी : करुणाबाई उघडे यांच्या वहीवरून
तीनशे बारा. पडताळल्या आहेत.
विडी घरकुलात ती उंबऱ्यावर बसते,
बोलता बोलता शंभरेक पानं कातरून देते.
चिप्पांची येल्लव्वा तेलुगूत विचारते,
तुझा देव हजारी वाढवून देईल का?
करुणाबाईला तेलुगू अर्धंच येतं.
अर्ध्या तेलुगूत म्हणते, माहीत नाही गं,
सूप इकडे सरकव.
हे कुठल्या रकान्यात?

कपाटात खाली वाळवी लागलेली जुनी वही आहे,
कुण्या मडमेच्या तिरप्या अक्षरातली.
दुष्काळाचं साल.
डाव्या पानावर वाटलेली ज्वारी, पायल्यांत.
उजव्या पानावर बाप्तिस्मे.
दोन्ही आकडे बरोबरीने चढत जातात.
माझ्या पणज्याचं नाव उजवीकडे आहे.
डावीकडेही असणार,
पण तिथे नावं नाहीत, नुसत्या पायल्या.
वही मी मिटतो.
दर मार्चला पुन्हा उघडतो.

यंदा गावाला पाणी सहाव्या दिवशी.
आमच्या आवारात बोअर, गोड पाण्याचं.
सेशनची सभा साडेतीन तास चालली.
वडील सत्वशील भालेराव म्हणाले, मोटर जळेल.
वडील केदारी म्हणाले, जळू द्या, विजेचं बिल मी...
आणि थांबले. पेन्शन आठवली असावी.
पाळक डोळे मिटून बसले होते,
प्रार्थना की झोप, इतिवृत्तात लिहिलेलं नाही.
शेवटी सहा विरुद्ध पाच.
भिंतीला भोक पाडून तोटी रस्त्याकडे काढली.
वर वचनाची पाटी लावावी का, यावर दुसरी सभा.
ती अजून संपलेली नाही,
म्हणून पाटी नाही.

पहाटे चारपासून घागरी वाजतात.
मोटर जळली, दोनदा.
दुसऱ्यांदा भालेरावच गुंडाळून घेऊन आले,
पावती मागितली तर म्हणाले, हरवली.

रकाना चौदा : सुवार्ता प्रसार.
पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, 'तोटी, एक.'
कागद परत आला, लाल शाईत :
'संख्या व्यक्तींची द्यावी.'

म्हणून आज अंधारात भिंतीशी स्टूल टाकून बसलो,
मिलच्या सवयीने, पाचाला एक आडवी रेघ.
एकेचाळीसपर्यंत गेलो.
मग एका पोरीची कळशी डोक्यावर चढेना.
उठलो, हात लावला.
ती काही बोलली, कानडीत बहुतेक.
परत येऊन बसलो तर मधल्या मध्ये
किती जणी भरून गेल्या, कळेना.

पेन्सिलीने लिहितो : चाळीसच्या वर.
खोडरबर जवळ ठेवतो.