जनरेटरवाला

तानूस, टॉर्च जरा खाली धर,
माझ्या डोळ्यांत नको, फिल्टरवर.
झेंडा आणलायस ना घरी? पाहिला मी.
तुझ्या आईनं नीट घडी घालून
इस्त्रीच्या कपड्यांत ठेवलाय.
तिला वाटलं, पलंगपोस आहे.

रागावलो नाही रे. दहाचा पाना दे.
हा नाही, हा बाराचा.

या बैरूतात सरकारची वीज दोन तास,
उरलेले बावीस माझे.
एकशे अठरा घरं. माझ्या वहीत
कोण कुणाला भजतं ते लिहिलेलं नाही,
अँपिअर लिहिलेत : पाच, पाच, दहा, पाच.
आपल्या चर्चला दहा.
पलीकडच्या हुसैनियाला दहा, मुहर्रमात पंधरा.
तुझ्या पक्षाच्या कचेरीला वीस,
आणि चार महिन्यांची थकबाकी.

मार इल्यासच्या तसबिरीपुढे
मी रोज मेणबत्ती लावतो, तुला ठाऊक आहे.
तू लाव, नको लावूस,
ते तुझं आणि त्याचं.
त्यात मला मध्यस्थ करू नकोस,
त्या कचेरीतल्यांना तर मुळीच नको.

मत दे. भांड. मीही ओरडायचो,
एकोणिसाव्या वर्षी, ट्रकच्या टपावर चढून.
काय ओरडलो ते आठवत नाही आता,
घसा बसलेला आठवतो.
आणि समोरच्या फुटपाथवर अबू जवाद
संत्री रचत होता, त्यानं वर बघितलं.
नुसतं बघितलं.
दुसऱ्या दिवशी मी संत्री आणायला गेलो नाही.
अकरा वर्षं गेलो नाही.
पन्नास पावलं आहेत, तानूस.
नंतर मोजली मी.

तर काल तुझे ते साहेब आले होते.
कॉफी घेतली, दोनदा साखर मागितली.
म्हणाले, त्या बाजूच्या तारा उतरवा,
थकबाकी आजच चुकती करतो.
मी म्हटलं, माझे गुडघे गेले,
आता खांबावर मुलगा चढतो.

म्हणजे उद्या ते तुला विचारणार.

तू काय सांगावंस ते मी सांगत नाही.
निळी तार कुठं जाते तेवढं सांगतो :
तिसरा मजला, अबू जवादची बायको,
ऑक्सिजनचं यंत्र. पाच अँपिअर.

झालं. झाकण लाव.
आता बटण दाब.
थांब, आधी हात पूस.