आस

तांदिलच्या टेकड्यांखाली, दगडखाणीच्या रस्त्याला,
एवारिस्तोचं वर्कशॉप.
लेथवर पोलादी फ्लायव्हील.
म्हातारा भोपळ्यातून नळीने माते ओढत बसलेला,
तोडायची घाई फक्त पोरांना, असं काहीतरी पुटपुटत.

नेलिदा ला प्लाताहून शिकून आलेली.
तिनं समजावलं काहीच नाही.
पिटच्या कडेला फळी तिरकी लावली,
वर दोन चाकं धरली:
एक भरीव, अल्युमिनियमचं,
एक नुसतं पोलादी कडं.
काट्यावर दोन्ही सव्वातीन किलो,
व्यासही तेवढाच.
सोडली.

भरीव आधी पोचलं.
कडं मागून, रेंगाळत,
घरातली सगळी भांडी
लांब पसरलेल्या तळहातांवर घेऊन
जिना उतरणाऱ्या बाईसारखं.

"काटा खोटं बोलत नाही, बाबा.
अर्धंच बोलतो."

उरलेलं अर्धं अंतरात.
आसापासून दुप्पट लांबचा ग्रॅम
फिरवायला चौपट जड जातो.
म्हणजे कापायचं ते काठावरून.

रात्रभर निळी वेटोळी गळत राहिली.
मी झाडत होतो, अठरा वर्षांचा,
कामावर लागून तीन आठवडे.
एक बोटात रुतलं, अजून व्रण आहे.
नऊशे ग्रॅम उतरले.
बॅटरीही नाकाडातून उचलून सीटमागे आणली,
गाडीनं मान वळवावी तसं वळावं म्हणून.

रविवार. हिरवा झेंडा.
अंसेल्मोचा पाय क्लचवरून केसभर लवकर सुटला
आणि चाकापाशी काही साठवलेलंच नव्हतं
त्या एका हिसक्यासाठी.
इंजिन उचकी देऊन गप्प.
बावीस गाड्या आमच्यावर धूळ टाकून गेल्या.

परतताना ट्रकमध्ये कोणी बोललं नाही.
आसूलच्या फाट्यावर म्हातारा म्हणाला,
"दोनशे ग्रॅम परत लाव."

"कापलेलं परत लागत नाही."

"माहितीये."

सोमवारी नवं पोलाद. नेलिदानं
खडूनं आकडा लिहिला लेथच्या अंगावर,
त्यानं अंगठ्यानं शेवटचा अंक पुसला.
त्या जागी काय लिहायचं ते लिहिलं नाही.
ती कापत गेली. एका क्षणी आपणच थांबली.

मग बेअरिंगवर चढवून
एवारिस्तोनं एका बोटानं ढकललं,
डोळे मिटले, मोजू लागला.
मी झाडू धरून उभा.
भोपळ्यातलं पाणी निवलं,
बाहेर खाणीचा भोंगा होऊन गेला,
आणि तो मोजतोच आहे,
ते फिरतंच आहे.