वीतभर माती

रेज पेंगेलीनं पिंजरा काउंटरवर ठेवला
आणि म्हणाला, जरा सुस्त आहे, एवढंच.
आमच्या ब्रोकन हिलमध्ये दुखणं असंच सांगतात;
फुप्फुसात तीस वर्षांची खाण भरलेली असली
तरी जरा धाप लागते, एवढंच.

कॉकटील. करडा, म्हणून नाव झिंक.
गालावर नारिंगी ठिपका, तुरा पडलेला.
रुमालात धरून मी छातीवरून बोट फिरवलं.
मधलं हाड लागलं, सुरीच्या पात्यासारखं,
दोन्ही बाजूंचं मांस ओसरलेलं.
खातो ना?
खातो की, राक्षसासारखा.
वजन सत्तर ग्रॅम. हवं नव्वद.
मग खातंय कोण?

विष्ठेचा ठिपका मिठाच्या दाट पाण्यात ढवळला,
तरंगून वर आलं ते काचेवर घेतलं.
डॉक्टर थुय यांनी रेजलाच बोलावलं, बघा म्हणाल्या.
लांबट अंडी, जाड सालीची,
कसलीच घाई नसलेली.
तो बराच वेळ वाकून राहिला.

औषध घातलंय मी पाण्यात, म्हणाला, दुकानातली पुडी.
ही वाळवंटातली जात, रेज,
पाण्याला चोच लावते न लावते.
त्यात कडू लागलं तर तेवढंही नाही.
म्हणून वजन करून, थेंब मोजून,
बोथट सुईनं थेट गळ्याच्या पिशवीत.
बेतानंच. सगळे जंत एकदम मेले तर आतडं तुंबतं.

दुसऱ्या दिवशी तो कागदाची घडी घेऊन आला.
आत शेवयांसारखे पाच.
तीन आठवड्यांनी पुन्हा, मी सांगितलं,
आज जे कोवळे आहेत ते निसटतील.

पण पोटातलं पोटापुरतं. येतात ते मातीतून.
मागच्या अंगणात त्याचा मोठा पिंजरा,
खाली कच्ची जमीन, वर नुसती जाळी.
संध्याकाळी गुलाबी छातीचे गालाह येऊन बसतात,
झिंक खालून शीळ घालतो,
ते वरून उत्तर देतात,
उत्तराबरोबर बाकीचंही खाली पडतं.
अंडं दोन-तीन आठवडे मातीत पिकतं,
मग वाट बघतं. वर्षभरसुद्धा.
फिनेल त्याला पाण्यासारखं.

वर पत्रा, मी म्हटलं. खाली काँक्रीट.
आणि वरची वीतभर माती काढून टाकायची.

पत्रा, ठीक, म्हणाला. काँक्रीट, ठीक.
मग त्यानं टोपी काढली.
मेव्हिस तिथंच आहे.

झिंकची मादी. जुलैत गेली.
थंडीनं, असं त्याला वाटलं.
पुरली तिला पिंजऱ्याच्याच कोपऱ्यात,
ह्याला एकटं वाटू नये म्हणून.
किती खोल? मी विचारलं.
विचारावं लागतं.
वीतभर, म्हणाला.

शनिवारी मीच फावडं घेऊन गेले.
जन्मभर जमिनीखाली खणलेला माणूस
उलट्या बादलीवर बसून राहिला,
पाठ माझ्याकडे.
कोपरा तेवढा वेगळा काढला, बाकी सगळी माती ट्रेलरमध्ये.
टॉवेलचा निळा काठ अजून शाबूत होता.
शेडमागं, खारट झुडपापाशी, त्यानं स्वतः खड्डा केला.
हातभर खोल.
मध्ये दोनदा थांबला, धाप लागली म्हणून.
जरा, एवढंच.

आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन,
कॅलेंडरवर पेन्सिलीनं आकडे:
सत्तर, त्र्याहत्तर, त्र्याहत्तर,
बहात्तर (पत्र्यावर गारा पडल्या, घाबरला),
एक्क्याऐंशी.
दोन महिन्यांनी विष्ठा तपासायला आणायची, हेही लिहिलंय,
खाली दोन रेघा मारून.

गालाह येतातच.
पत्र्यावर नखं वाजतात, घसरतात, भांडतात.
झिंक मान वाकडी करून वर बघतो,
शीळ घालतो, थांबतो,
दिसत कोणीच नाही.

काल रेजचा फोन आला.
पत्र्यात काचेचा एक तुकडा बसवला तर चालेल का?

चालेल, म्हटलं मी.
फक्त सांधा नीट बुजवा.