हातचा

बीटॉमच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मी श्वास निवडते.

पहिला घोटभर टाकून द्यायचा.
तो फुफ्फुसाचा नसतोच, तोंडाचा असतो:
कांदा, कॉफी, बसस्टॉपवर घाईनं ओढलेली सिगारेट.
खोकला आला की तिथे कात्री.
मग खोलीची हवा वजा.
उरते ती माणसाच्या आतली रेघ,
चढत जाऊन माथ्याशी सपाट होणारी,
गावाबाहेरच्या खाणीच्या ढिगाऱ्यासारखी.

आलोयझी पिएखा. वय एकाहत्तर.
एकोणतीस वर्षं कोळशात.
इथे एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही.
धाप लागते? लागणारच.
खाणीनं घर दिलं, पेन्शन दिली, धाप दिली.

पण त्याची रेघ कोळशावाल्यांत बसेना.
प्रोग्रॅमनं तीनदा तिला रांगेबाहेर काढलं
आणि तीनदा मी मशीनवर खापर फोडलं.
चौथ्यांदा, रात्री, चहा निवून साय धरलेला,
मी वजा केलेल्या आकड्यांची फाईल उघडली.
ती कुणी उघडत नाही.
केराच्या डब्यात कोण हात घालतं?

खोलीची हवा.
एरवी सारखीच, काही मंगळवारी वेगळी.
तो यायचा, त्याच मंगळवारी.

सिस्टर रेगीना म्हणाली, खिडकी तर बंदच असते गं.
खुंटीवर त्याचा कोट असतो, बस्स.
खिशात वाटाणे असतात. एकदा पीस पडलं होतं, राखाडी.

म्हणजे इतके महिने मी
त्याच्या श्वासातून त्याची कबुतरं वजा करत होते,
हातचा विसरून
उत्तराखाली पट्टीनं दोन रेघा मारणाऱ्या मुलीसारखी.

रक्त तपासलं. कबुतरंच.
छत्तीस, प्रत्येकाला नाव.
डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो हसला, हसता हसता खोकला.
"कोळशानं नाही मारलं," म्हणाला,
"आणि वर आल्यावर ज्यांच्यासाठी मान वर करायचो, त्यांनी?"
मग जावयाला देऊन टाकली सगळी, ओपोलेला,
पाऊण तास मोटारीनं.

आज तो पुन्हा आला.
कोट नवा, दाढी घोटलेली.
नळीत फुंकायच्या आधीच मी पाहिला
खोलीच्या हवेचा आकडा.
तस्साच.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे.
"शर्यतीची आहेत हो ती," म्हणाला,
"जावई खुराडं उघडतो
आणि दुपारच्या आत सगळी माझ्या छपरावर.
दार लावून घेतो मी.
पण दाणे नाही टाकायचे म्हणजे..."

वाक्य पुरं करायला त्याला श्वास पुरला नाही.
मी आकडा लिहून घेतला.
वजा केला नाही.