आयत्या वेळचा विषय

शाळा व्यवस्थापन समितीची सभा
तीनची होती, भरली पावणेपाचला.
सदस्य बारा, हजर पाच;
त्यातला एक शेळी शोधत आला होता,
त्याचीही सही घेतली.

मी सचिव. म्हणजे मुख्याध्यापक. म्हणजे प्रभारी.
म्हणजे दोन शिक्षिकांपैकी जी आज
केंद्रावर टपाल द्यायला गेली नाही, ती.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं.

अनुदान: मंजूर दहा हजार, जमा पाच.
गेल्या मार्चच्या अठ्ठावीसला आलं,
एकतीसच्या आत संपवा, हा निरोप त्याच्या मागोमाग.
तीन दिवसांत आम्ही खडू घेतले, फिनाईल,
आणि पितळेची एक घंटा.
घंटा छान वाजते, बोडीच्या पल्याड ऐकू जाते.
वीजबिल राहून गेलं.
दिवाळीत मीटर काढून नेलं.
डिजिटल शाळेच्या टीव्हीचा खोका आहे अजून,
त्यात पार्वताबाई हळद-मीठ ठेवते.

गुणवत्ता: तालुक्यात एकशे बारा शाळा,
चिचटोला एकाहत्तरावी.
कवडू निकोडे म्हणाले,
"म्हंजे आपल्या मांगं एक्केचाळीस हायेत ना?"
हे नोंदवावं का, कळेना.
नोंदवलं.

पट एकवीस.
वीसच्या खाली गेलो की समूह शाळा,
सात किलोमीटर, मधे नाला.
बस देऊ म्हणतात.
रस्ता कोण देणार, ते परिपत्रकात नाही.

अध्यक्ष सुगंधा गेडाम. शिक्षण चौथी, याच खोलीत,
त्या खिडकीजवळ, जिचं दार तेव्हाही लागत नव्हतं.
म्हणाली, "मॅडम, परवा आमी चाललो तेलंगण्यात,
मिरची तोडाले. मोहाच्या टायमाले येऊ.
कोऱ्या चेकवर सह्या मारून ठेवू काय चार?"
मी नाही म्हटलं.
मग सगळेच गप्प, पण चेकमुळे नाही.
तिच्याबरोबर माही जाणार, तिसरीतली.
निकोड्यांचे दोन नातू.
टोल्यावरची आणखी चार.
वजाबाकी कुणी मोठ्याने केली नाही.

हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव ऑक्टोबरात गेला होता.
दोनदा त्रुटी पूर्ण केल्या.
तिसरी त्रुटी अशी:
पहिल्या त्रुटीच्या पत्राची प्रत जोडावी.

तेव्हा पार्वता नैताम,
जी सदस्य नाही,
जिचं मानधन पाच महिने कुठल्या तरी खात्यात अडलंय,
खिचडीचं गंज घासता घासता दारातून बोलली,
"राहू द्या पोट्टे माह्या घरी.
सात त सात. भात जास्त रांधीन."

कार्यपत्रिकेवर हे नव्हतं.
मी लिहिलं: आयत्या वेळचा विषय, अध्यक्षांच्या परवानगीने.
पुढे लिहिलं: सूचक.
आणि पेन थांबलं.
स्वयंपाकी मदतनीस ठराव मांडू शकत नाही.
खर्चाला शीर्ष नाही.
रात्री विंचू निघाला, कुणाला ताप चढला,
तर जबाबदार म्हणून नाव कुणाचं?
माझं लिहायला हात धजेना, हे खरं.

सुगंधाने रजिस्टर स्वतःकडे ओढलं
आणि पानाच्या तळाशी,
मधली सगळी जागा सोडून,
सही केली.
जोडाक्षराशी जरा अडखळत,
नेहमीसारखी.
चेकला नाही म्हणणारी मी
याला काही बोलले नाही.

ती जागा मी अजून भरलेली नाही.

आज साडेदहाला घंटा दिली.
बोडीच्या पाळीवरून सात जण आले,
सगळ्यांच्या डोक्याला एकाच घरचं तेल.
वाचनाची चाचणी चालू आहे, मिनिटाला इतके शब्द.
पुस्तकं बाईंच्या घरी विसरली,
म्हणून माहीने टेबलावरचं वीजबिल घेतलं.
ग्राहक क्रमांक, मागील वाचन, स्थिर आकार,
सगळं सपासप. थकबाकीलाही अडली नाही.
मग मान वर करून विचारलं,
"मॅडम, थकबाकी म्हंजे काय?"

थांब, म्हटलं मी.
माझं लक्ष घड्याळाकडे होतं.